काडी काढून घेतल्यावर

या वेळचं पत्र एका नवख्या अनुवादिकेचं आहे. त्या लिहितात:

'ताई, सप्रेम नमस्कार. मी वर्षभरापासून इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते. गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात दोन कामं आली. एक गॅसवर चालणाऱ्या हीटरचं माहितीपत्रक, दुसरं शिक्षकांपुढे करायचं भाषण. दोन्हींत "इग्नाइट" हे क्रियापद होतं. पत्रकात मी लिहिलं, "बर्नर दहा सेकंदांत प्रज्वलित करण्यास अयशस्वी झाल्यास नॉब बंद करावा." ते कुणाला खटकलं नाही. भाषणात लिहिलं, "उत्तम शिक्षक विद्यार्थ्यांची मनं पेटवतो." बैठकीत हे वाक्य वाचलं गेलं आणि सगळे हसले. "शिक्षक आहेत की दंगल घडवणारे?" असं एक जण म्हणाले. त्या दिवसापासून इग्नाइट दिसलं की मी "प्रेरणा देणे" लिहून मोकळी होते. पण मनाला पटत नाही. या शब्दाचा खरा अर्थ आग लावण्याचा की मन जागवण्याचा? आणि मराठीत नेमकं लिहायचं काय?'

तुम्हाला सप्रेम नमस्कार.

आधी एक गोष्ट सांगते. ज्या वाक्याला लोक हसले, त्यात तुमचा कान फक्त एका शब्दानं चुकला. ज्या वाक्याकडे कुणाचं लक्षही गेलं नाही, त्यात चूक मोठी आहे. त्या पत्रकाची घाई आहे, त्याकडे मी शेवटी येतेच. पण आधी शब्द नीट बघू.

इग्नाइट आला लॅटिनमधून. लॅटिनमध्ये आगीला 'इग्निस' म्हणतात. आपला 'अग्नी' आणि तो 'इग्निस' एकाच मुळाचे. लिथुआनियन भाषेतला 'उग्निस' आणि रशियनमधला 'आगोन' हेही त्याच घरातले. आपली रोजची 'आग' तर अग्नीचीच लेक. इंग्रजीनं हा शब्द सतराव्या शतकात घेतला. जुन्या रसायनशास्त्राच्या लिखाणात त्याचा अर्थ 'लालबुंद होईपर्यंत तापवणं' असाही असे, म्हणजे ज्वाळा नसली तरी चाले. तेव्हा तुमच्या समोरचा शब्द परका वाटला तरी रक्तानं लांबचा नातेवाईक आहे. त्याला घाबरू नका.

आता त्याचा अर्थ. शब्दकोशात तुम्हाला 'पेटवणे, पेट घेणे' असं सापडेल आणि पुढे 'भावना जागृत करणे'. हे चूक नाही, पण त्यातून या शब्दाचा गाभा हाती लागत नाही. गाभा हवा असेल तर एक काडी ओढा, आणि ओढताना नीट बघा.

काडेपेटीच्या कडेला जी तपकिरी पट्टी असते तिच्यात तांबडा फॉस्फरस असतो. काडीच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट असतं. दोन्ही एकमेकांवर घासले की घर्षणाच्या उष्णतेनं ठिणगी पडते आणि गुल फुर्रकन भडकतं. पण काडी अजून पेटलेली नसते. गुलाचा तो भपका क्षणात संपणार असतो. तेवढ्या वेळात ज्योत लाकडानं धरायला हवी. म्हणून तर काडीच्या टोकाला मेण पाजलेलं असतं. आपण काडी किंचित खाली कलती धरतो, ज्योत मेणावरून लाकडावर चढते, पिवळी होते, स्थिर होते. आता पट्टीची गरज नाही, गुलाचीही नाही. काडी स्वतःच्या जिवावर जळते आहे. हा जो क्षण आहे, बाहेरून उष्णता देण्याची गरज संपल्याचा, तोच इग्नाइट. त्याआधी जे चाललं होतं ते तापणं. त्यानंतर जे चालेल ते जळणं. इंग्रजीत दोन्हींना वेगळे शब्द आहेत. इग्नाइट फक्त उंबरठ्याचं नाव आहे.

म्हणूनच तारे 'इग्नाइट' होतात असं खगोलशास्त्रज्ञ म्हणतात. ताऱ्यात ना प्राणवायूनं जळणं, ना आपल्या ओळखीची ज्वाळा. तिथे हायड्रोजनच्या अणुकेंद्रांचा मेळ होतो. तरी शब्द तोच, कारण तिथेही एक क्षण असा येतो की पुढचं काम आतल्या आत चालू राहतं. ५ डिसेंबर २०२२ रोजी कॅलिफोर्नियात लिव्हरमोर इथल्या प्रयोगशाळेत असाच मेळ घडवण्यासाठी १९२ लेझर किरण एका इवल्याशा लक्ष्यावर रोखले. आत गेली २.०५ मेगाज्यूल ऊर्जा, बाहेर आली ३.१५ मेगाज्यूल. शास्त्रज्ञांनी त्याला 'इग्निशन' म्हटलं. सांगा, हा वापर शब्दशः की लाक्षणिक? मला तर तो दोन्हींच्या मधोमध उभा दिसतो. तुम्ही विचारलंत, खरा अर्थ कोणता. माझं उत्तर हे की आग आणि मन या दोन्ही या शब्दाच्या जागा आहेत. अर्थ एकच आहे: इथून पुढे आपलं आपण.

यातून अनुवादाला एक कसोटी मिळते, आणि ती मी रोज वापरते. वाक्यातून मनातल्या मनात काडी काढून घ्या. मग बघा, जे पेटलं ते जळत राहतं का? 'एका लेखानं वाद इग्नाइट केला' असं असेल, तर लेख विसरला गेला तरी लोक भांडत राहिले का? राहिले असतील तर मराठीत 'वाद पेटला' बिनधास्त लिहा. पण मुळात दोनच दिवस कुजबुज झाली आणि विषय थंडावला असेल, तर इंग्रजी लेखकानंच शब्द फुकट उधळलेला असतो. अशा वेळी 'चर्चा झाली', फार तर 'वातावरण तापलं' पुरे. तापणं आणि पेटणं यांत मराठी जितका स्पष्ट फरक करते तितका तुम्ही केलात तर निम्मं काम झालं.

आता ते तुमचं वाक्य. लोक का हसले?

मराठीत हे क्रियापद जोडीनं येतं: पेटणे आणि पेटवणे. इंग्रजीत 'गॅस इग्नाइट झाला' आणि 'ठिणगीनं गॅस इग्नाइट केला' या दोन्हींना एकच रूप चालतं. आपल्याकडे चालत नाही. पेटणे-पेटवणे, जळणे-जाळणे, भडकणे-भडकवणे, लागणे-लावणे. आणि गंमत नव्हे, फार मोलाची गोष्ट ही की लाक्षणिक वापरात या दोन रूपांची नीतिमत्ताच वेगळी आहे. माणूस स्वतः पेटला तर मराठी त्याला मान देते. 'अन्यायाविरुद्ध पेटून उठला', 'जिद्दीला पेटला', 'इरेला पेटला'. इरेला पेटण्यात थोडा हट्टही आहे, पण आतून आलेली धमक आहे. हाच माणूस दुसऱ्याला 'पेटवायला' लागला की आपण लगेच सावध होतो. 'पोरांना पेटवून दिलं आणि स्वतः बाजूला झाला.' काडी लावणारा, काड्या घालणारा, आगीत तेल ओतणारा, ही सगळी एका जातीची माणसं. दुसऱ्याच्या मनाला आग लावणाऱ्याकडे आपली भाषा संशयानंच बघते.

तुम्ही लिहिलंत 'मनं पेटवतो'. ऐकणाऱ्यांना काडी हातात घेतलेला माणूस दिसला. त्यांचा दोष नाही, तुमचाही नाही. भाषेनं तिचं मत मधे घातलं, इतकंच. इंग्रजीतला इग्नाइट या बाबतीत कुणाची बाजू घेत नाही. तो आशा पेटवतो, कुतूहल पेटवतो, युद्धही पेटवतो, त्याच चेहऱ्यानं. मराठी क्रियापदं मात्र निवडतानाच बाजू घेतात. त्यामुळे मराठी अनुवादकाला वाक्याचा शेवट काय होणार हे आधी माहीत असावं लागतं. पुढे भलं झालं की बुरं, हे ठाऊक नसताना क्रियापद निवडता येत नाही.

हे मी स्वतः ठेच लागून शिकले. कामाला लागून मला सहाच महिने झाले होते. एका समारंभाच्या इंग्रजी वृत्तांतात ओळ होती की एका वक्तीच्या भाषणानं सभागृह इग्नाइट झालं. मी घाईत लिहिलं, 'भाषणानं सभागृह भडकलं.' ते तसंच छापून आलं. दुसऱ्या दिवशी त्या बाईंचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, रडवेला होता. 'मी कुणाला भडकवलं हो? लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.' दुरुस्ती छापली, पण ती आतल्या पानावर, बारीक अक्षरांत. ज्यांनी पहिली बातमी वाचली त्यातल्या कितींनी ती वाचली असेल? एका क्रियापदानं एका भल्या बाईला चिथावणीखोर ठरवलं. तेव्हापासून भडकणे, चिथावणे, पेटवणे यांतलं काहीही लिहिताना माझा हात क्षणभर थांबतो, आणि तो थांबावा असंच मला वाटतं.

तर तुमच्या वाक्यासाठी शब्द आहे: चेतवणे.

'उत्तम शिक्षक विद्यार्थ्यांची मनं चेतवतो.' मोठ्यानं वाचून बघा. कुणी हसणार नाही. चेतवणे हा शब्द शेकोटीलाही लागतो आणि मनालाही, आणि त्यात ओढाताण अजिबात नाही. ज्या धातूपासून चेतन, चेतना, चित्त हे शब्द आले त्याच मुळाचा हा. आग चेतली म्हणजे ती जिवंत झाली, जागी झाली. आपल्या भाषेनं आग लागणं आणि भान येणं या दोन गोष्टी एका शब्दात आधीच बांधून ठेवल्या आहेत. इंग्रजीत लेखकाला रूपक करावं लागतं. तुम्हाला ते आयतं मिळतं. असा शब्द हाताशी असताना 'प्रेरणा देणे' लिहून मोकळं व्हायचं, हे मला खरंच लागतं.

'प्रेरणा' वाईट शब्द नाही. पण ती 'दिली' जाते, 'मिळते', आणि दिलेली वस्तू संपतेही. चेतलेलं मन कुणी दिलेलं नसतं, ते आधीच जळण होतं. ग्रीक लेखक प्लूटार्क यानं सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी हेच सांगितलं होतं की मन म्हणजे भरायचं भांडं नव्हे, ते पेट घ्यायला थांबलेलं लाकूड आहे. त्यानं पुढे जो दृष्टान्त दिला तो मला त्याहून आवडतो. एक माणूस शेजाऱ्याकडे विस्तव मागायला जातो, तिथला मोठा जाळ बघतो आणि तिथेच शेकत बसतो. घरी विस्तव न्यायचं विसरूनच जातो. सुंदर भाषण ऐकून भारावलेले आणि घरी जाऊन काहीच न करणारे श्रोते असेच, असं त्याचं म्हणणं. तुमच्या भाषणाच्या लेखकाला बहुधा हाच फरक म्हणायचा असणार. वर्गात शेकत बसलेली मुलं प्रेरित असतात. तास संपल्यावर घरी जाऊन स्वतःहून पुस्तक उघडणारी मुलं चेतलेली असतात.

सगळीकडे चेतवणेच लिहा असं मात्र नाही. ज्योत आणि मशाल 'पेटवली' तरी शोभते, कारण तिथे आग हातात आहे, ताब्यात आहे. दिवा आपण 'लावतो', पेटवत नाही. पण हेच 'लावणे' आगीला जोडलं की गुन्हा होतो: आग लावली. विडी शिलगावतात. निखारा फुलवतात. हा 'फुलवणे' शब्द मला फार प्रिय आहे. राखेखाली लपलेल्या विस्तवावर फुंकणीनं हलकेच फुंकत गेलं की तो काळ्याचा लाल होतो, कडेनं पांढुरका होतो, पाकळी उघडावी तसा. जगातल्या किती भाषांना आग फुललेली दिसत असेल?

इंग्रजीत या जागी 'किंडल' आहे. तो स्कँडिनेव्हियातल्या जुन्या नॉर्स भाषेतून आलेला, इग्नाइटपेक्षा कितीतरी आधी इंग्रजीत रुळलेला. इग्नाइटला क्षण लागतो, किंडलला धीर लागतो. काटक्या रचायच्या, फुंकायचं, थांबायचं. म्हणून कुतूहल, आशा, प्रेम यांच्याबरोबर तो जास्त येतो. तिथे 'जागवणे', 'फुलवणे' वापरा. आणि 'रीकिंडल' आला की मुळीच पेटवू नका. 'त्यांची जुनी मैत्री पुन्हा पेटली' असं मी एका अनुवादात वाचलं होतं, आणि दोघांचं भांडण झालं की काय असंच आधी वाटलं. मैत्री मराठीत पेटत नाही. ती जुळते, जिव्हाळा पुन्हा जागा होतो. फुंकर या शब्दाचं बघा ना: विस्तवावर फुंकर घातली की तो फुलतो, आणि दुखऱ्या जागी फुंकर घातली की आग शमते. एकच श्वास, एकच शब्द. काय जवळ आहे त्यावर अर्थ ठरतो.

शब्दशः वापरातल्या दोन-तीन खाचा सांगते, त्या पुन्हा पुन्हा येतील. गाडीच्या पत्रकात 'इग्निशन बंद करा' असेल तर 'इग्निशन' तसाच ठेवा किंवा 'इंजिन बंद करा' लिहा. 'प्रज्वलन बंद करा' कुणाला कळणार नाही. आणि 'गाडी पेटवा' म्हणजे काय ते सांगायला नको. डिझेलच्या इंजिनाबद्दल लिहिताना 'ठिणगीनं पेटतं' असं चुकूनही लिहू नका. पेट्रोलच्या इंजिनात स्पार्क प्लग ठिणगी टाकतो. डिझेलच्या इंजिनात हवा इतकी दाबली जाते की ती तापते, आणि त्या तापलेल्या हवेत इंधन आपसूक पेट घेतं. दोन्हींना इंग्रजीत इग्निशनच म्हणतात. मराठीत पहिल्यासाठी 'पेटवलं जातं' आणि दुसऱ्यासाठी 'पेट घेतं' लिहिलंत तर वाचणाऱ्याला यंत्रच दिसेल.

दुसरी खाच 'इन्फ्लेमेबल' या शब्दाची. त्यातला 'इन' नकाराचा नाही. तो शब्द 'ज्वालाग्राही' असाच आहे, पण इंग्रजी वाचणाऱ्यांनाही तो 'न पेटणारा' वाटायचा. म्हणून धोक्याच्या सूचनांवर हल्ली 'फ्लेमेबल' लिहितात. तुम्हाला दोन्ही भेटतील, दोन्हींचा अर्थ एकच. त्याच घराण्यातलं 'इन्फ्लेमेशन' वैद्यकीय मजकुरात आलं तर आपल्याकडे 'दाह' तयार आहे. जखमेतही आग बघणारी माणसं दोन्ही भाषांत होती.

आणि आता ते पत्रक.

'बर्नर दहा सेकंदांत प्रज्वलित करण्यास अयशस्वी झाल्यास.' इथे इंग्रजीची रचना जशीच्या तशी उतरली आहे. इंग्रजीत बर्नर 'पेटायला चुकतो', म्हणजे फक्त पेटत नाही. तुमच्या वाक्यात पेटणारा बर्नर पेटवणारा झाला. तो काय प्रज्वलित करण्यास अयशस्वी झाला? वाचणारा अडखळतो, पुन्हा वाचतो. पण त्याचा हात त्या वेळी नॉबवर असतो आणि गॅस सुटत असतो. हीटर सिलिंडरच्या गॅसवर चालत असेल तर तो गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो. हवेत त्याचं प्रमाण सुमारे २ ते १० टक्के झालं की एका ठिणगीत भडका उडतो. 'पुन्हा एकदा करून बघू' म्हणत माणूस बटण दाबतो तेव्हा नेमकी तीच ठिणगी पडते. त्याला अडखळायला वेळ नाही.

असं लिहा: 'दहा सेकंदांत बर्नर पेटला नाही, तर लगेच नॉब बंद करा. खिडक्या-दारं उघडा. गॅस पांगेपर्यंत थांबा. मगच पुन्हा पेटवा.' किती मिनिटं थांबायचं हे मूळ पत्रकात दिलं असेल तर तो आकडा गाळू नका, ठळक करा. खिडकीचा उल्लेख मुळात नसेल तर काम देणाऱ्यांना विचारून घाला.

भाषणातली ओळ सवडीनं बदलली तरी चालेल. पत्रक छापायला गेलेलं असलं तरी आज त्यांना फोन करा. 'माझ्याकडून चूक झाली आहे, ही ओळ बदलायला हवी' असं सरळ सांगा. कदाचित थोडं ऐकून घ्यावं लागेल. ऐकून घ्या, पण ओळ बदलल्याशिवाय फोन ठेवू नका. मग मला कळवा.

तुमची,
ताई